हर्पिसची रक्तचाचणी: ‘पॉझिटिव्ह’ या शब्दामागे
जननेंद्रियांचा हर्पिस हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या दुसऱ्या प्रकारामुळे होतो, तसा ओठांवर फोड आणणाऱ्या पहिल्या प्रकारामुळेही होतो. या दोहोंची बहुतेक प्रथिने सारखी असल्याने, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात शोधणाऱ्या जुन्या चाचण्यांना त्यांतला भेद कळत नसे. ‘ग्लायकोप्रोटीन जी’, म्हणजे विषाणूच्या आवरणावरील एक शर्करायुक्त प्रथिन, मात्र दोन्ही प्रकारांत वेगळे असल्याने आजच्या विश्वसनीय आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) चाचण्या त्यावरच बेतलेल्या आहेत.

त्यांतली एलायझा चाचणी तुलनेने स्वस्त आणि झटपट होते, पण तिच्या अहवालातला निर्देशांक नीट पाहावा लागतो: तो १.१ च्या वर गेला की सहसा ‘पॉझिटिव्ह’ छापले जाते, तरी दुसऱ्या प्रकाराबाबत ३ च्या आतले अनेक निकाल फेरतपासणीत खोटे ठरतात. अशा वेळी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाची वेस्टर्न ब्लॉट चाचणी निर्णायक मानली जाते. तीत विषाणूची प्रथिने विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने आकारानुसार वेगळी करून पातळ पटलावर उतरवतात, त्यावर रुग्णाचा रक्तद्रव सोडतात आणि उमटलेल्या रेघांची मांडणी वाचतात, त्यामुळे एकाच प्रथिनावर भिस्त राहत नाही. आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडांची चाचणी विषाणूचा प्रकारभेद सांगत नाही आणि जुना संसर्ग उफाळला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. ती न केलेलीच बरी.

प्रतिपिंडे तयार व्हायला १२ आठवडेही लागू शकतात, आणि पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडे संसर्ग ओठांवर की जननेंद्रियांवर हे सांगत नाहीत. म्हणून फोड असतील तर रक्ताआधी फोडातील स्रावाची पीसीआर चाचणी, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी, करून घ्यावी.