वर्गाच्या भिंतींचा रंग : नेत्र, मन आणि अध्ययन

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या भिंती आता केवळ पांढऱ्या राहिलेल्या नाहीत. 2001 मध्ये सर्व शिक्षा अभियान सुरू झाल्यानंतरच्या काळात ‘बोलक्या भिंती’ ही कल्पना महाराष्ट्रात रुजली आणि मुळाक्षरे, पाढे, नकाशे, पशुपक्षी भिंतींवर अवतरले. 2024 च्या आरंभी राबविल्या गेलेल्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाने या कामास नवी चालना दिली. हा उत्साह स्वागतार्हच आहे. मात्र “मुलांचे अभ्यासात लक्ष लागावे म्हणून वर्गाला कोणता रंग द्यावा?” असा प्रश्न पालक व शिक्षक वैद्यालाही विचारतात. त्याचे उत्तर वैद्याने कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्रदृष्टी

रूप हा चक्षुरिंद्रियाचा विषय व तेज हे त्याचे महाभूत, हे आपण सर्व जाणतोच. भेलसंहितेत आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद सांगितले आहेत. पाहणे व पाहिलेले ग्रहण करून स्मरणात ठेवणे यांचा संबंध आचार्यांनी किती निकट मानला होता, हे यावरून ध्यानात येते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात इंद्रियार्थांचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग वर्णिला आहे. अतितेजस्वी वस्तू फार काळ पाहणे हा चक्षूचा अतियोग. मुळीच न पाहणे हा अयोग. अतिसमीप, अतिदूर, भयंकर वा बीभत्स रूप पाहणे हा मिथ्यायोग. हीच कसोटी वर्गाला लावून पाहावी. गडद रंगाने अंधारलेला वर्ग अयोगाकडे झुकतो. उन्हाची तिरीप पडताच चकाकणारा तैलरंग अतियोग घडवितो. शेवटच्या बाकावरून वाचता न येणारी बारीक अक्षरे व भीतिदायक चित्रे मिथ्यायोगात मोडतात.

शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील कुमारागाराचे वर्णनही येथे उपयुक्त आहे. बालकाची खोली रमणीय असावी, अंधारी नसावी, वारा एका बाजूने यावा, असे तेथे सांगितले आहे. खेळणी मात्र रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी, तीक्ष्ण टोके नसलेली व तोंडात न जाणारी असावीत. आमच्या मते यातून एक विवेक घेता येतो. वैचित्र्य मुलाच्या हातातील वस्तूत असावे, भोवतालचे गृह प्रकाशमान व शांत असावे.

आधुनिक निरीक्षणे

अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवर्गातील 24 मुलांना काही पाठ भरगच्च सजविलेल्या वर्गात, तर काही साध्या वर्गात शिकविले गेले. साध्या वर्गातील पाठांवर मुलांनी 55 टक्के, तर सजविलेल्या वर्गातील पाठांवर 42 टक्के उत्तरे अचूक दिली. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठाने 2015 मध्ये 153 वर्गांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. त्यांत प्रकाश, तापमान व हवेची शुद्धता यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. रंगाच्या बाबतीत फिकट भिंती व त्यांतील एकच उठावदार भिंत ही रचना हितकर ठरली. अगदी कोऱ्या भिंतीही तितक्याच अहितकर दिसल्या. ‘समयोग’ या आपल्या संज्ञेचाच हा प्रत्यय होय.

निळ्याने शांती, पिवळ्याने बुद्धी, लाल रंगाने क्रोध, अशा सुटसुटीत सूत्रांना मात्र एवढा आधार नाही. गुलाबी भिंतींनी कैद्यांची आक्रमकता शमते, असा दावा अमेरिकेत 1979 मध्ये झाला होता. स्वित्झर्लंडमधील तुरुंगात झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यास पुष्टी मिळाली नाही. प्रकृतीनुसार रंग सुचविण्याचा मोहही वैद्याने आवरावा. एका वर्गात तिन्ही दोषांच्या प्रकृतीची मुले एकत्र बसतात. भिंत मात्र सर्वांना एकच असते.

मराठवाड्याचा देश व काळ

आपल्या भागात मार्च-एप्रिलचे ऊन प्रखर असते. पत्र्याच्या छताखालील वर्गात पित्तप्रकोप, शिरःशूल व थकवा दिसल्यास भिंतीच्या रंगछटेचा शोध घेण्यापूर्वी छताकडे पाहावे. छतावर बाहेरून दिलेला पांढरा चुना उन्हाचा मोठा भाग परावर्तित करतो आणि आतील उष्मा कमी होतो. आतूनही छत पांढरे व भिंती फिकट असल्यास खिडकीतून येणारा प्रकाश मागील बाकांपर्यंत पोहोचतो. याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना व काजळ अशा साध्या द्रव्यांतून चित्रे साकारली. दुरून, आजच्या अफगाणिस्तानातून, आणला तो राजावर्ताचा निळा रंग. चकाकी नसलेला मातकट रंगही किती प्रसन्न असतो, हे आपल्या मुलांना सहलीतच दाखविता येईल.

रंगातील विष

या विषयातील सर्वांत गंभीर बाब छटेची नसून द्रव्याची आहे. हरताळ, हिंगुळ व सिंदूर ही पूर्वी रंगद्रव्येही होती. त्यांची विषारी बाजू रसशास्त्राच्या अभ्यासकास वेगळी सांगावयास नको. नागाची, म्हणजे शिशाची, संयुगे पिवळ्या व केशरी तैलरंगांत दीर्घकाळ वापरली गेली. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भाग इतके मर्यादित करणारा नियम 2016 मध्ये झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारे-खिडक्या, बाके व भिंती आजही वापरात आहेत. पोपडे सुटले की त्यांची धूळ मुलांच्या हातांवरून मुखात जाते. बालकांच्या शरीरात शिसे प्रौढांहून अधिक प्रमाणात शोषले जाते. पांडुता, उदरशूल, मलबद्धता, चिडचिड, अवधान व बुद्धी यांचा ऱ्हास हे त्याचे परिणाम होत. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांचे लक्ष लागावे म्हणून दिलेल्या रंगानेच त्यांचे अवधान हिरावून घ्यावे, ही विपरीत गोष्ट टाळणे आपल्या हाती आहे. अशी लक्षणे घेऊन आलेल्या बालकाच्या प्रश्नपरीक्षेत घराबरोबर शाळेच्या रंगाचीही चौकशी करावी व शंका आल्यास रक्तातील शिशाची तपासणी करवून घ्यावी.

वैद्याचा सल्ला

शाळा व्यवस्थापन समितीस पुढील गोष्टी सुचवाव्यात. शिसेविरहित असल्याचे डब्यावर नमूद असलेला रंगच घ्यावा. जुना रंग कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी. हे काम उन्हाळी सुट्टीत, मुले नसताना करावे व वर्ग अनेक दिवस उघडे ठेवून वास जाऊ द्यावा. फळ्याभोवतालची भिंत शांत ठेवावी, बोलकी चित्रे बाजूच्या वा मागील भिंतीवर अथवा व्हरांड्यात काढावीत. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातील भेद जन्मतः कळत नाही. म्हणून केवळ त्या दोन रंगांवर अवलंबून राहणारे तक्ते टाळावेत.

‘कोणता रंग द्यावा’ असे विचारणाऱ्या पालकास आम्ही म्हणूनच आधी दोन गोष्टी विचारतो : वर्गात उजेड किती आहे आणि जुन्या रंगाचे पोपडे कुठे सुटले आहेत? छटेची निवड त्यानंतर शिक्षकांनी व मुलांनी आनंदाने करावी.