संघटनेविना साधना

धर्मसंस्था, पोथी व गुरू यांवाचून अध्यात्म शक्य आहे काय, असा प्रश्न सुशिक्षित वर्गात नेहमी निघतो. यासंदर्भात जे. कृष्णमूर्तींचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९०९ साली मद्रासजवळील अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिस्टांना हा मुलगा दिसला. भावी जगद्गुरू म्हणून त्यांनी त्याला वाढविले. १९११ मध्ये त्याच्याभोवती संघटना उभी राहिली. पुढे हजारो सभासद, हॉलंडमध्ये जमीन, किल्लेवजा वाडा, सर्व काही आले.

३ ऑगस्ट १९२९ रोजी ओमेन येथील मेळाव्यात, ॲनी बेझंट समोर असताना, कृष्णमूर्तींनी ती संघटना स्वतःच विसर्जित केली. सत्य संघटित करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देणगीची बहुतांश मालमत्ताही परत केली. आम्ही बँकेतील माणसे. ठेव परत मागणारे रोज पाहतो, न मागता परत करणारा विरळाच! १८ वर्षे वाट पाहिलेल्या सभासदांना मात्र धक्का बसला. त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही.

पुढे त्यांच्याही नावाने संस्था व शाळा निघाल्याच. शाळेला इमारत व पगार लागतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या पश्चात आपल्या वतीने कोणीही अर्थ सांगू नये, असे १९८६ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी बजावून ठेवले होते.