टाचदुखी आणि ‘शॉक’ची भीती

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवावं आणि टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. चार पावलं चाललं की कळ कमी होते. फार वेळ उभं राहिलं की पुन्हा डोकं वर काढते. तासन्‌तास ओट्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, शिक्षक, वाहतूक पोलीस यांची ही नेहमीची तक्रार. अशा रुग्णाला डॉक्टरांनी ‘शॉकवेव्ह’ उपचार सुचवले, की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे विजेचा शॉक देणार का?”

नाही. यात शरीराला वीज लावत नाहीत. ही एक ध्वनिलहर असते. तिचा दाब सेकंदाच्या काही अब्जांश भागात एकदम चढतो आणि लगेच ओसरतो. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की खिडकीची तावदानं थरथरतात, तोही दाबाचाच धक्का. शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यानं ही लहर मऊ भागांतून सहज पुढं जाते. हवा मात्र तिला अडवते, म्हणूनच सोनोग्राफीसारखी इथंही त्वचेवर जेली लावतात.

या लहरींचा वैद्यकातला पहिला मोठा उपयोग मुतखड्यासाठी झाला. म्युनिकमधले डॉक्टर आणि विमानं बनवणारी डॉर्नियर कंपनी यांनी मिळून यंत्र तयार केलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णाचा खडा शस्त्रक्रियेशिवाय फोडला. पुढं प्राण्यांवरील प्रयोगांत या लहरींमुळं हाडाच्या वाढीला चालना मिळते, असं दिसलं. न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर त्या वापरल्याचा अहवाल बल्गेरियातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जुनाट टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. एक्स-रेमध्ये टाचेचं वाढलेलं हाड दिसलं, की ‘ते फोडून टाका’ असा आग्रह धरला जातो. पण असं हाड वाढूनही टाच न दुखणारी माणसं पुष्कळ असतात, आणि या लहरी ते हाड फोडतही नाहीत. मुतखड्यात त्यांचं काम फोडण्याचं. इथं जागं करण्याचं. धक्का बसला की पेशी रासायनिक संदेश सोडतात, बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि रेंगाळलेली दुरुस्ती पुन्हा सुरू होते. म्हणूनच गुण यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. टाचेखालचा पट्टा, खांद्याच्या कंडरेत साठलेला चुना आणि न जुळलेलं हाड यांत या उपचाराचा उपयोग दिसून आला आहे. टेनिस एल्बोबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

साधारणपणे आठवड्याच्या अंतरानं तीन ते पाच वेळा, दर वेळी एक-दोन हजार ठोके देतात. न जुळलेल्या हाडासाठी जास्त ताकदीच्या लहरी लागतात आणि तिथं भूलही द्यावी लागू शकते. उपचाराच्या वेळी दुखतं, नंतर जागा लाल होते, क्वचित काळीनिळी पडते. गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, त्या जागी गाठ वा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांनी ही माहिती आधीच डॉक्टरांना द्यावी. फुप्फुसावर आणि मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांवर हे ठोके देत नाहीत.

शेवटचं आणि महत्त्वाचं. टाचदुखीचे बहुतेक रुग्ण पोटरी आणि तळपायाला ताण देणारे व्यायाम, मऊ तळाची चप्पल आणि वजनावर ताबा एवढ्यानंच काही महिन्यांत बरे होतात. त्यामुळं जाहिरात पाहून थेट यंत्राकडं धाव घेऊ नका. सहा महिने हे सारं नेटानं करूनही कळ हटली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. शस्त्रक्रियेच्या आधीची ही एक पायरी आहे. ती घाबरून टाळू नये, तशीच घाईनं चढूही नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)