सरड्याचा रंग, माकुळाचा रंग

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीतला सरडा यवतमाळ जिल्ह्यातील नेरच्या शिवारात सहज दृष्टीस पडतो. विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो. तो रक्त शोषतो, या गैरसमजापायी त्याच्यावर अनेकदा दगड भिरकावले जातात. वास्तविक तो लाल रंग मादीसाठी आमंत्रण आणि प्रतिस्पर्ध्यासाठी इशारा असतो. सरड्याची त्वचा गडद वा फिकट होते ती पेशींतील रंगकण पसरल्याने किंवा एकवटल्याने. या क्रियेत संप्रेरकांचा मोठा वाटा असल्याने बदलाला काहीसा वेळ लागतो.

कोकण किनाऱ्यावर 'माकुळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्क्विडला मात्र यासाठी सेकंदाचा अंशही पुरतो. त्याच्या त्वचेत असंख्य सूक्ष्म, लवचीक पिशव्या असतात. प्रत्येकीत पिवळे, तांबडे किंवा तपकिरी रंगकण भरलेले असून भोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे स्नायू जोडलेले असतात. मेंदूकडून चेतातंतूंद्वारे आदेश येताच स्नायू आकुंचन पावतात, पिशवी ताणली जाते आणि रंगाचा ठिपका पसरतो. स्नायू सैल पडले की पिशवी पुन्हा बिंदूएवढी होते. म्हणजेच या क्षणिक बदलात नवे रंगद्रव्य तयार होत नाही. असलेलेच उघडते आणि मिटते.

ही रंगद्रव्ये 'ओमोक्रोम' गटातील असून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतात. कीटकांच्या डोळ्यांतही याच गटातील द्रव्ये आढळतात. निळ्या-हिरव्या छटा मात्र त्यांच्यामुळे येत नाहीत. खालच्या थरातील पेशींत प्रथिनांचे अतिशय पातळ पापुद्रे असतात; साबणाच्या फुग्यावर रंग उमटावेत तसे त्यांवरून परावर्तित प्रकाशाचे रंग उमटतात. या प्रथिनांना २००४ मध्ये 'रिफ्लेक्टिन' हे नाव मिळाले. माकुळाची काळी शाई ही आणखी वेगळी. तिच्यात मेलॅनिन असते.

माकुळाला शंख-शिंपल्यांसारखे बाह्य कवच नाही. त्यामुळे रंग हीच त्याची ढाल होय. आश्चर्य म्हणजे, या गटातील बहुतेक प्राणी स्वतः रंगांध मानले जातात. जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या माकुळाच्या कातडीवरील ठिपके मृत्यूनंतरही काही काळ उघडत-मिटत राहतात.

शिवारातला सरडा असो वा समुद्रातला माकुळ, रंग बदलणे ही लबाडी नव्हे. ती जगण्याची धडपड आहे. एवढे उमगले, तरी सरड्यावर उगारलेला दगड खाली येईल.