नाव तेच, गुलाब वेगळा

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या वडनेरला लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायची रीत अजून आहे. घरात गुलाब अत्तराच्या दोन कुप्या आहेत: एक आजोबांच्या काळची, दुसरी अलीकडच्या लग्नातली. दोन्हींचा एकेक थेंब टीपकागदावर टाकला. नवं अत्तर लगेच खोलीभर दरवळलं, पण संध्याकाळी कागदावर तेलकट डागाखेरीज काही उरलं नाही. जुन्यातला गुलाब आधी जेमतेम जाणवला. सकाळी मात्र कागदाला चंदनाचा मऊ वास येत होता आणि गुलाब त्यात मुरलेला होता.

सगळी गंमत त्या चंदनात आहे. कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत पाकळ्या आणि पाणी तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपका गार पाण्यात बुडवलेला, आत चंदनाचं तेल. गुलाबाचा गंध तेलात उतरतो. खाली साचलेलं पाणी काढून पुन्हा डेगेत ओततात. चंदनातलं सँटलॉल फार सावकाश उडतं आणि गुलाबालाही लवकर उडू देत नाही.

पण चंदनाच्या झाडाच्या गाभ्यात पुरेसं तेल भरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यात स्पाइक रोग आणि चोरटी तोड. शिवाय कर्नाटकात स्वतःच्या शेतातलं चंदनही 2001पर्यंत सरकारचंच असे, मग शेतकरी ते लावणार कशाला? तेलाचे भाव चढले, आणि भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन आलं. स्वस्त कुपीत तर अनेकदा गुलाबही कारखान्यातला असतो. भेसळ तशी जुनीच. मध्य भारतातल्या रोशा गवताचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथल्या गुलाबतेलात मिसळलं जाई.

पॅरिसच्या गेर्लां या अत्तरघराचं 1919चं ‘मित्सुको’ हे अत्तरही बदललं, पण तिथे कारण त्वचेचं होतं. त्यातलं ओकमॉस म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. ओकमॉसमधल्या काही घटकांची ॲलर्जी होते म्हणून त्याच्या वापरावर मर्यादा आल्या. असा बदल मला मान्य आहे.

जुन्या कुपीवरही सगळा भरवसा टाकता येत नाही. हवा आणि उजेड लागून हलके गंध आधी बिघडतात, चंदन मागे उरतं. आजोबांनी लावलं तेव्हा त्यात गुलाब नक्कीच जास्त असणार. तरी तो सकाळचा कागद पॅराफिनला जमणारा नाही.

स्वस्त अत्तर विकायला माझी हरकत नाही; साध्या घरच्या लग्नातही सुवास हवाच. पण बेस चंदनाचा की पॅराफिनचा, हे कुपीवर मराठीत, ठळक छापलेलं असावं. दोन्हींवर नुसतं ‘गुलाब’ लिहिलं, तर चंदनावर खरोखर अत्तर उतरवणाऱ्या कारागिराला त्याचा भाव कोण देईल?