बिरसीहून हैदराबाद किती दूर?

गोंदिया शहराच्या ईशान्येस सुमारे १२ किलोमीटरवर बिरसी हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी तेथे धावपट्टी बांधली. पुढे शिकाऊ वैमानिकांनी तिच्यावर पुष्कळ घिरट्या घातल्या. पण नियमित प्रवासी विमान यायला १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. इंदूर–गोंदिया–हैदराबाद ही ती सेवा फार टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादचे विमान पुन्हा सुरू झाले.

हे अंतर किती? रेल्वेने बल्लारशा, काजीपेटमार्गे गेलात तर ६०० किलोमीटरहून अधिक भरते. विमानाला मात्र रूळ नाहीत, म्हणून आपण नकाशाची वही उघडू. बिरसी २१.५ अंश उत्तर अक्षांशावर व ८०.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, १७.२ अंश उत्तर व ७८.४ अंश पूर्व. अक्षांशांतील फरक ४.३ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ४७७ किलोमीटर झाले. रेखांश ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात. आपल्या या पट्ट्यात त्यांचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरच भरतो. फरक १.९ अंश, म्हणजे पूर्वपश्चिम अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. आता पायथागोरसला बोलवा. कर्ण येतो सुमारे ५१७ किलोमीटर. (मुंबई–लंडनसाठी ही युक्ती चालणार नाही, तेथे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा.)

या मार्गावरचे एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे ६२ मिनिटे? वेळापत्रकात त्याहून जास्त वेळ दिलेला असतो. विमान जागेवरून हलले की वेळ मोजू लागतात. धावपट्टीपर्यंत ते रांगत जाते, वर चढताना वेग कमी असतो, उतरताना तर रांगही लागते.

शिवाय वारा आहे. पावसाळ्यात वैनगंगेतून पलीकडे जाणारा नावाडी नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, ते तुम्ही पाहिले असेल. बाजूने वारा असला की वैमानिकही तेच करतो, आणि त्यात थोडा वेग खर्ची पडतो. वारा पाठीमागून असेल तर फायदाच. मग जाताना जे कमावले ते येताना गमावले, हिशेब चुकता, असे वाटते ना?

करून पाहा. अंतर ५०० किलोमीटर धरू, वारा ताशी ५०. जाताना वेग ५५०, म्हणजे साडेचोपन्न मिनिटे. येताना वेग ४५०, म्हणजे जवळजवळ ६७ मिनिटे. बेरीज १२१ मिनिटांच्या पुढे! वारा नसता तर १२० लागली असती. कारण सोपे आहे: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटाही जास्त वेळ सोसते.

वारा ताशी १०० किलोमीटर झाला तर काय होईल? गणित तुम्हीच मांडा. उत्तर १२५ मिनिटे यायला हवे.