अपडेट झालं आणि चार्जिंग टिकेना

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी एका आठवड्याच्या अंतराने आल्या. १५ तारखेला ॲपलने आयफोनसाठी आयओएस २६ हे मोठं अपडेट खुलं केलं आणि २२ तारखेला घटस्थापना झाली. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाची रांग, महाद्वार रोडची गर्दी, शेवटी दसरा चौकातलं सीमोल्लंघन. या दिवसांत हातातल्या फोनला उसंत नसते. ब्राइटनेस पूर्ण चढवलेला, पालखीचं शूटिंग चालू, हजारो फोन एकाच टॉवरला लागल्याने नेटवर्कची ओढाताण. नुकतंच अपडेट घेतलेला फोन अशा संध्याकाळी बंद पडला, की खापर कुणावर फुटणार हे ठरलेलं असतं.

अपडेट दोषी असेलही. पण त्या एका संध्याकाळवरून ते ठरवता येत नाही. आणि ते ठरवायची रीत माहीत नसल्यामुळे माणसं थेट दुकान गाठतात, पैसे मोजून धडधाकट बॅटरी बदलून घेतात आणि चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन तिथेच उभी राहतात. ‘चार्जिंग टिकत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिची कारणं पाच-सहा असतात, आणि बॅटरी खराब होणं हे त्यांतलं फक्त एक.

मोठं अपडेट बसल्यावर फोन वरवर तयार दिसतो, पण आत त्याचं काम सुरूच असतं. अँड्रॉइडमध्ये फोनवरची ॲप्स नव्या सिस्टीमला जुळवून पुन्हा तयार केली जातात. आयफोनमध्ये सर्चसाठी सगळ्या फायली, मेसेज, मेल यांची सूची नव्याने बनते. फोटोंतले चेहरे आणि वस्तू ओळखण्याचं कामही पुन्हा चालतं. त्यातच प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून एकामागून एक ॲप्सची नवी रूपं उतरत राहतात. या काळात फोन हाताला कोमट लागतो आणि बॅटरी भरभर उतरते. ॲपलने आपल्या मदतपानावर हे स्पष्टच सांगितलं आहे: मोठ्या अपडेटनंतर बॅटरी आणि तापमानावर तात्पुरता परिणाम होणं सामान्य आहे.

हे तात्पुरतेपण किती दिवसांचं? साधारण दोन-तीन दिवस. ज्याच्या फोनमध्ये वीस-तीस हजार फोटो आहेत, त्याला आणखी थोडे जास्त. इथे एक बाब सहसा सांगितली जात नाही. ही जड कामं फोन शक्यतो चार्जिंगला लावलेला असताना आणि स्क्रीन बंद असताना उरकतो. जो माणूस गल्ल्याशेजारी अर्धा तास, गाडीत वीस मिनिटं असं तुकड्यातुकड्यांनी चार्जिंग करतो, त्याच्या फोनला हे काम संपवायला निवांत वेळच मिळत नाही आणि त्रास आठवडाभर लांबतो. म्हणून अपडेटनंतरच्या दोन-तीन रात्री फोन वायफायवर ठेवून, चार्जरला लावून, हात न लावता राहू द्यावा. सकाळी एकदा रिस्टार्ट करावा. पुष्कळांची तक्रार इथेच मिटते.

मिटली नाही, तर मात्र अंदाज बंद करून मोजायला बसावं. सगळ्यात सोपी चाचणी रात्रीची. झोपताना टक्केवारी कागदावर लिहावी, चार्जर काढून ठेवावा, सकाळी पुन्हा पाहावी. सात-आठ तासांत तीन-चार टक्के उतरणं ठीक. पंधरा-वीस टक्के उतरले असतील, तर फोन रात्रभर जागा होता. कुणीतरी त्याला झोपू दिलेलं नाही. उलट रात्री काहीच उतरत नसेल आणि दिवसा मात्र दुपारपर्यंत फोन रिकामा होत असेल, तर दिवसाच्या वापरात काहीतरी आहे: स्क्रीन, कॅमेरा, नेटवर्क. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

पुढचा शोध सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’ या पानावर. तिथे कोणत्या ॲपने किती टक्के बॅटरी घेतली याची यादी असते. बहुतेक लोक सगळ्यात वरचं नाव पाहतात आणि परत येतात, हे पुरेसं नाही. नावावर बोट ठेवलं की आत दोन आकडे दिसतात: ॲप स्क्रीनवर किती वेळ होतं आणि पाठीमागे, म्हणजे बॅकग्राउंडला, किती वेळ चाललं. समजा, यूट्यूबने तीस टक्के घेतले आणि ते स्क्रीनवर तीन तास होतं, तर हिशेब जुळतो. वापर आपलाच आहे. पण एखादं खरेदीचं ॲप स्क्रीनवर दोन मिनिटं आणि बॅकग्राउंडला पाच तास दिसलं, तर चोर सापडला. ‘अँड्रॉइड सिस्टीम’ किंवा ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ पहिल्या दोन दिवसांत वर दिसणं स्वाभाविक आहे. आठवड्यानंतरही तीच वर असतील, तर कुठेतरी सिंक अडकलंय असं समजावं. फोनमधलं गुगल खातं काढून पुन्हा जोडल्यावर अनेकदा ते सुटतं.

सिस्टीमवर संशय घेताना ॲपकडे दुर्लक्ष होतं, हे मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १५ प्रो तापत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. ॲपलने तपास करून सांगितलं, की दोष आयओएस १७ मध्येही आहे आणि इन्स्टाग्राम, उबर, अस्फाल्ट ९ अशा काही ॲप्सच्या नव्या रूपांतही. ४ ऑक्टोबरला १७.०.३ हे दुरुस्तीचं अपडेट आलं. २०२५ च्या मे महिन्यात अँड्रॉइड फोनच्या बॅटऱ्या अचानक उतरू लागल्या, तेव्हा गुगलनेच पिक्सेलधारकांना इन्स्टाग्राम अपडेट करायला सांगितलं. दुरुस्ती त्या ॲपच्या नव्या रूपात होती. म्हणून सिस्टीम अपडेट केल्यावर सगळी ॲप्सही अपडेट करून घ्यावीत. जुनं ॲप आणि नवी सिस्टीम यांचं पटत नाही.

संशयित ॲप सापडत नसेल, तर अँड्रॉइडमध्ये सेफ मोड आहे. बहुतेक फोनमध्ये पॉवर ऑफचं चिन्ह दाबून धरलं की हा पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली ॲप्स चालत नाहीत. सेफ मोडमध्ये एक रात्र काढून बॅटरी टिकली, तर दोष नक्की टाकलेल्या ॲपमध्ये. मग अलीकडे घेतलेली एकेक काढत जावी. बॅटरी वाचवण्याचं आश्वासन देणारी ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ ॲप्स सगळ्यांत आधी काढावीत. ती स्वतःच सतत जागी असतात. मात्र बॅकग्राउंड बंद करताना सरसकट कात्री लावू नये. दुकानदाराचं यूपीआयचं ॲप, शेतकऱ्याचं मोटार स्टार्टरचं ॲप, घड्याळाचा गजर यांना पाठीमागे जागं राहावंच लागतं. बॅटरी वाचली आणि पैसे आल्याचा निरोपच आला नाही, असं नको.

कोल्हापूर जिल्ह्यात आणखी एक कारण फार मोठं आहे आणि त्याचा अपडेटशी सहसा संबंध नसतो. शहरात दोन दिवस टिकणारा फोन गगनबावडा, दाजीपूर, आंब्याच्या बाजूला गेला की संध्याकाळपर्यंत दम टाकतो. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकदीने सिग्नल पाठवावा लागतो, पंचगंगेच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आवाज चढवावा तसा. सिग्नल पूर्ण गेला तर तो पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो. दोन सिम असतील तर हे दुप्पट. ५जी जिथे येतं-जातं, अशा हद्दीवरच्या गावांत फोन दिवसभर ४जी-५जीच्या उड्या मारतो. अपडेटनंतर काही फोनमध्ये नेटवर्कची निवड पुन्हा मूळ जागी जाते; आधी ४जीवर ठेवलेला फोन गुपचूप ५जीवर येतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा पाहावं. सिग्नल कच्चा असेल तिथे ४जी पक्कं करावं, न वापरलेलं सिम बंद ठेवावं, घाटात फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. ऑल्वेज ऑन डिस्प्ले, लोकेशन आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावेत.

एवढं करूनही फरक नाही, तर बॅटरीकडे वळायची वेळ आली. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगगणिक थोडी झिजते. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते, आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर. ३५ अंशांवरची उष्णता ही क्षमता कायमची कमी करू शकते. एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या हँडलवर मॅप लावून पुणे-बंगळूर महामार्गाने जाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की तिचा दाब कोसळतो आणि तीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. अपडेटनंतरच्या दिवसांत प्रोसेसरवर ताण असल्याने ही आधीपासूनची झीज उघडी पडते. आयफोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ हा आकडा सरळ दिसतो, सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. ती चांगली असेल तर बॅटरी बदलू नये.

चांगल्या कारागिराकडे याहून पक्की तपासणी होते. तो मागचं झाकण उघडून बॅटरी सोडवतो आणि फोनच्या बोर्डाला डीसी पॉवर सप्लायच्या दोन वायरी लावतो. फोन बंद आहे, बटण दाबलेलं नाही. अशा वेळी सप्लायवरचा अँपिअरचा आकडा शून्यावर हवा. तो थोडाही हलला, तर बोर्डावर ‘लीकेज’ आहे, कुठेतरी वीज गळते. पावसाळ्यात खिशात भिजलेल्या फोनमध्ये हे हमखास सापडतं. नवी बॅटरी टाकली तरी तीही तशीच उतरणार. ही तपासणी मिनिटाभराची असते. बॅटरी बदलण्याआधी ती करून दाखवा, असं ग्राहकाने मोकळेपणाने म्हणावं. बॅटरी बदलायचीच असेल तर तिच्यावर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावं. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला अजिबात लावू नये.

‘जुनं सॉफ्टवेअर मारून देतो’ या पर्यायापासून मात्र शक्यतो लांब राहावं. त्यात फोनमधला डेटा बहुधा पुसला जातो, सुरक्षेच्या दुरुस्त्या निघून जातात आणि बँकांची ॲप्स चालायला नकार देऊ शकतात.

अपडेट घ्यायचंच नाही, हा उपायही चुकीचा. यूपीआय ज्या फोनवर आहे, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्यातच. प्रश्न वेळेचा आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडे सरकत असताना मोठं अपडेट लावू नये. २०१९ च्या महापुरात वीज उपकेंद्रं पाण्यात गेली आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तिथे फोनमधला एकेक टक्का मोलाचा होता. लांबचा प्रवास, परीक्षा, लग्न यांच्या आदल्या रात्रीही तेच.

आता कंपन्यांबद्दल. ग्राहकाची शंका प्रत्येक वेळी अज्ञानातून येते, असं समजायचं कारण नाही. २०१७ मध्ये एका आयफोनधारकाला बॅटरी बदलल्यावर फोन पुन्हा वेगवान झाल्याचं आढळलं. त्याने मोजून आकडे मांडले. त्यानंतर कॅनडातल्या प्राइमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी हजारो फोनच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. बॅटरी जुनी झाली की सॉफ्टवेअर फोनचा वेग कमी करतं, हे ॲपलला मान्य करावं लागलं. डिसेंबरअखेर माफीनामा आला, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलरवर आला आणि पुढच्या मार्चमध्ये ‘बॅटरी हेल्थ’चं पान फोनमध्ये दिसू लागलं. २०१८ मध्ये इटलीच्या नियामकाने अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. २०२५ च्या जानेवारीत गुगलने पिक्सेल ४ए साठी असं अपडेट पाठवलं, की त्याने काही फोनच्या बॅटरीची क्षमताच कमी केली. त्यांच्या मालकांना मोफत बॅटरी किंवा पैसे देऊ केले गेले. त्याच महिन्यात आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढल्याचं केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं. ती नोटीस निघाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सामान्य लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींमुळे.

तेव्हा आठवडा थांबून, ॲप्स अपडेट करून, रात्रीची चाचणी घेऊनही फोन सुधारला नाही, तर गप्प बसू नका. बॅटरीच्या पानाचे स्क्रीनशॉट, अपडेटची तारीख आणि आधी-नंतरचे आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि तक्रारीची जॉबशीट लेखी मागून घ्या. दाद मिळाली नाही तर हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे; पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करता येते.